आवाज कमी करायचं बटन

ताईच्या कॉम्प्युटरचा पंखा सुरू झाला की घरात पिठाची गिरणी लागल्यासारखं वाटतं, असं भावजय म्हणायची, आणि ते काही अगदीच खोटं नव्हतं. डबा जुना, आतला पंखा स्वस्तातला, आणि काम मात्र दांडगं. ताई एका फर्निचरच्या कारखान्यासाठी चित्रं काढायची. कपाट अजून लाकडात उतरलेलंही नसायचं, पण ताई ते पडद्यावर असं उभं करायची की गिऱ्हाइकाचा हात आपसूक दाराच्या मुठीकडे जायचा. असं एकेक चित्र तयार व्हायला कॉम्प्युटरला तासन्‌तास लागायचे. ताई त्याला 'शिजायला लावणं' म्हणायची. "पलंग शिजायला लावलाय, कुणी मेन स्विचला हात लावू नका," असं सांगून ती आंघोळीला जायची, आणि पंखा जो सुटायचा तो पलंग शिजेपर्यंत थांबायचा नाही.

घर दोन खोल्यांचं, मागे लहानसं स्वयंपाकघर. पुढच्या खोलीचा एक कोपरा प्लायवूडचं पार्टिशन घालून वेगळा केलेला. त्यात एक टेबल, एक खुर्ची आणि एक अरुंद खाट. तेच ताईचं ऑफिस, तीच झोपायची खोली, आणि लग्न झालेलं नसल्यामुळे माहेर आणि सासर दोन्ही तेच. पार्टिशनच्या अलीकडे दिवाणावर बाबा. भिंतीच्या पलीकडे आतल्या खोलीत धाकटा भाऊ आणि भावजय. धाकटा बस डेपोत रात्रपाळीला होता. गाड्या सोडायचं काम. सकाळी घरी यायचा, दोन घास खायचा आणि झोपायचा. बाबा त्याला अजून 'बाळ' म्हणत. बाळाला मिशा होत्या, पोटही सुटायला लागलं होतं, पण नाव पडलं ते पडलं.

आई गेली तेव्हा हा बाळ शाळेत जाणारा होता. ताई कॉलेज अर्धवट सोडून एका ड्रॉइंग ऑफिसात चिकटली ती त्याच वर्षी. त्याची फी, त्याचे बूट, त्याचे चष्मे, पुढे त्याच्या नोकरीसाठी घातलेले खेटे, हे सगळं तिनं केलं. ती कधी बोलून दाखवत नसे. पण न बोललेलंही घरात साचत जातं, आणि ज्याच्यासाठी केलं त्यालाच ते जास्त टोचतं.

"ताई, तुझ्या त्या डब्याचं काहीतरी कर," एक दिवस धाकटा लाल डोळ्यांनी बाहेर आला. "काल ड्युटीवर मी चुकीच्या फलाटावर गाडी लावायला सांगितली. डोळाच लागत नाही मला."

"दार लावून घेत जा ना."

"दार लावलंच होतं. भिंतीतून येतो आवाज. डोक्यात घुसतो."

"मग मी काम कधी करू? रात्री पंखा लावला की तुझ्या बायकोला त्रास, दिवसा लावला की तुला."

"तेच तर म्हणतोय मी," धाकटा म्हणाला. "हे घर आहे, कारखाना नाही."

भावजय स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिनं नवऱ्याच्या बोलण्यावर मान डोलावली. बाबांना यातलं काही ऐकू गेलं नसावं. त्यांचा जन्म छापखान्यात मशीनवर गेला होता आणि मशीननं कान घेतले होते. तीन हाका मारल्याशिवाय ते ओ देत नसत. ताईच्या पंख्याचं त्यांना काहीच नव्हतं. उलट उन्हाळ्यात ते म्हणत, "तुझ्या त्या डब्याचा वारा इकडं वळवता येत नाही का गं?"

ताईला धाकट्याचं पटलं होतं. हेच तिचं दुखणं होतं, समोरच्याचं लगेच पटायचं. दुसऱ्या दिवशी कारखान्यात चित्रं देऊन येताना ती सुट्या भागांच्या दुकानात गेली. दुकानदार तोंडात स्क्रू धरून कुणाचा तरी लॅपटॉप उघडत होता.

"पंखा बदलायचाय का?" त्यानं स्क्रू काढून विचारलं.

"बदलून बघितला. जोराचा वारा पाहिजे तर जोराचा आवाज येतोच. चित्रं शिजत असताना वारा पाहिजे, पण एरवी एवढा नको."

"मग कंट्रोलर बसवा." त्यानं ड्रॉवरमधून एक पत्र्याची पट्टी काढली. पट्टीवर एक छोटं गोल बटन, मागून वायरी लोंबत होत्या. "छताच्या पंख्याला रेग्युलेटर असतो ना, तसाच हा. पण एक लक्षात ठेवा. फिरता पंखा हळू केला तर हळू फिरत राहतो, बटन पार शेवटापर्यंत पिळलं तरच थांबतो. पण बटन फार खाली असताना मशीन बंद करून चालू केलं, तर पंखा उठतच नाही. म्हाताऱ्या माणसासारखं आहे, चालत राहिलं तर चालतं, एकदा बसलं की उठवायला दोघं लागतात."

ताई हसली. ती पट्टी पर्समध्ये टाकून घरी आली तेव्हा तिला उगाच हलकं वाटत होतं.

बसवायला फार वेळ लागला नाही. वीज बंद करून तिनं डब्याचं झाकण काढलं, आत साचलेली धूळ रंगाच्या ब्रशनं झाडली. पंख्याची वायर मुख्य बोर्डावरून उपटली आणि कंट्रोलरमध्ये खोचली. कंट्रोलरची दुसरी वायर वीजपुरवठ्याच्या डबीला जोडली. पट्टी बसवायला पुढे जागा नव्हती, म्हणून ती मागच्या बाजूला बसवावी लागली. म्हणजे बटनाला हात लावायचा तर टेबलाखाली गुडघ्यांवर रांगत जायचं आणि भिंत आणि डबा यांच्यामधून हात घालायचा. ताईनं ते दोन-तीनदा केलं. बटन फिरवायची, मशीन बंद करायची, चालू करायची. जिथून पंखा दर वेळी बिनतक्रार उठत होता, तिथे तिनं पांढऱ्या शाईचा ठिपका दिला.

मग तिनं सगळ्यांना बोलावून दाखवलं. धाकटा टेबलाखाली वाकून बघत होता.

"हा ठिपका दिसला? याच्या खाली कधी न्यायचं नाही. पंखा बंद पडला तर आतली डिस्क भाजून निघेल. सगळं काम त्या डिस्कवर आहे."

"आम्हाला काय करायचंय त्याला हात लावून?" भावजय म्हणाली.

"नाही, सांगून ठेवते."

पंखा आता गिरणीसारखा नाही, तर पुढच्या गल्लीतून कुणीतरी स्कूटर घेऊन जावं तसा वाजत होता. आणि स्कूटर लांब जात राहिली. ताई खाटेवर बसून ऐकत राहिली. भिंतीवरच्या घड्याळाला टिकटिक आहे हे तिला इतक्या वर्षांत कळलं नव्हतं.

घड्याळच काय, आणखीही बरंच काही ऐकू यायला लागलं.

त्याच आठवड्यात एका दुपारी ती एका शाळेच्या वाचनालयाची कपाटं उभी करत होती. मोठं काम होतं. आजवर कारखान्याच्या मालकानं तिला एवढं मोठं काम दिलं नव्हतं. पार्टिशनपलीकडे जेवणं चालली होती. ती जेवायला उठली नाही. आधी ती अशी कामात असली की पंख्याच्या आवाजात तिला पलीकडचं काही कळायचं नाही, आणि पलीकडच्यांनाही तिची सवय तशीच झाली होती.

"आता काय सांगायचं?" भावजयीचा आवाज. "आवाजाची तक्रार होती, तीही मिटवून टाकली त्यांनी. माझी शिकवणी काय जिन्यात घेऊ? तो कोपरा मोकळा झाला तर दहा-बारा मुलं बसतील खोलीत."

"थांब जरा. बघतो मी," धाकटा म्हणाला.

"तुम्ही काय बघणार? तुमच्या तोंडातून शब्द फुटत नाही त्यांच्यासमोर."

"अगं, तिला काढायची कुठून? तिचं लग्न लागलंय त्या डब्याशी. नवरा घोरतो म्हणून इतके दिवस निदान आपल्याला तक्रार करता येत होती. आता तोही सुधारला."

भावजय फिसकन हसली. आणि तिच्या हसण्यावर दुसरं एक हसणं चढलं, खोकल्यात मिसळलेलं, म्हातारं, मनापासूनचं. बाबा हसत होते.

ताईचा हात माउसवर होता तसाच राहिला. ज्यांना पाणी हवं का म्हणून तीनदा विचारावं लागतं, त्यांना हा विनोद पहिल्याच खेपेला ऐकू गेला होता.

भावजयीचं तिला एवढं लागलं नाही. परक्या घरून आलेली पोर, तिला आपली जागा हवी होती, आणि शिकवणीही काही वाईट गोष्ट नव्हती. धाकट्याचंही एक वेळ समजून घेता आलं असतं. पण बाबांचं हसणं तिला लागलं. ती हसून बाहेर आली असती, 'काय रे, माझ्या नवऱ्याला नावं ठेवता?' म्हणाली असती, तर कदाचित सगळं तिथंच निवलं असतं. ती उठली नाही. तिनं कपाटाच्या एका फळीची जाडी बदलली, परत होती तशी केली, पुन्हा बदलली. संध्याकाळी जेवायला बसली तेव्हा नेहमीसारखी बोलली. बाबांना भाजी हवी का विचारताना तिनं आवाज चढवला नाही. बाबांनी ताट पुढे केलं.

त्यानंतर काही आठवड्यांनी ते झालं.

वाचनालयाचं काम संपत आलं होतं. शेवटची चित्रं शिजायला लावून, पंखा व्यवस्थित फिरतोय हे हात धरून बघून, ताई कारखान्यात गेली. मालकाला लाकडाचे नमुने दाखवायचे होते. भावजय बाजारात जाणार होती. धाकटा नुकताच कामावरून आला होता आणि त्याचा चेहरा पडलेला होता. "मधूनमधून अजून घूं घूं येतंच," तो म्हणाला. ताई म्हणाली, "आजच्या दिवस सहन कर. उद्यापासून दोन दिवस मशीन बंदच ठेवते."

परत आली ती दारातच थबकली. गरम धुळीचा आणि प्लॅस्टिकचा वास येत होता, इस्त्री खूप वेळ चालू राहिल्यासारखा. घरात शांतता होती. घड्याळ ऐकू येत होतं, आणि दुसरं काहीच नाही.

डब्याला हात लावला तर चटका बसला. पडदा काळा. ती टेबलाखाली रांगत गेली. पांढरा ठिपका जिथं होता तिथं होता. बटन मात्र खाली, अगदी शेवटापर्यंत पिळलेलं होतं. कुणीतरी पंखा पार बंद व्हावा म्हणूनच ते तसं पिळलं होतं.

तिनं मशीन उघडून गार होऊ दिलं, बटन ठिपक्यापर्यंत वर करून पुन्हा चालू केलं. पंखा फिरला. डिस्कमधून नख काचेवर ओढल्यासारखा आवाज आला आणि तोही थांबला. ती रिक्षा करून डबा दुकानदाराकडे घेऊन गेली. त्यानं कानाशी धरून डिस्क हलवली आणि मान हलवली.

"बाकी सगळं वाचेल. ही गेली. दुसरीकडे काही ठेवलं होतं का?"

ठेवलं होतं, मागच्या कामांचं. वाचनालयाचं काम रोज वाढत होतं म्हणून ते संपल्यावर उतरवून ठेवू असं तिनं ठरवलं होतं. आठवडे गेले होते त्या कपाटांत.

घरी आली तेव्हा सगळे पुढच्या खोलीत होते. भावजयीच्या हातात पिशवी तशीच होती. धाकटा दिवाणाच्या कडेला बसला होता.

"बटन कुणी फिरवलं?" ताईनं विचारलं.

भावजयीनं पिशवी खाली ठेवली.

"मी ओरडणार नाही. मला फक्त कळू दे. मी गेले तेव्हा पंखा चालू होता. आले तेव्हा बंद होता. घरात कोण होतं?"

"मी बाजारात होते," भावजय घाईनं म्हणाली. आणि ते खरं होतं. तिनं नवऱ्याकडे एकदा बघितलं आणि नजर काढून घेतली.

धाकटा स्वतःच्या पायांकडे बघत होता. लहानपणी फुलदाणी फोडल्यावर बघायचा तसाच. ताईला वाटलं, आता बोलेल. तिनं मनातल्या मनात त्याला माफही करून टाकलं होतं. 'झोप येत नव्हती, चुकलं' एवढं तो म्हणाला असता, तर ती म्हणणार होती, 'जाऊ दे, होतं असं, मी बघते मालकाचं.' वाक्य तयार होतं तिच्याकडे.

"मी फिरवलं," बाबा म्हणाले.

सगळ्यांनी त्यांच्याकडे बघितलं. बाबा दिवाणावर पाय पसरून बसले होते. कित्येक वर्षांत त्यांचे गुडघे वळले नव्हते. खाली पडलेली काठी उचलायला त्यांना कुणाला तरी हाक मारावी लागे.

"तुम्ही?" ताई म्हणाली.

"हो. मीच. मला वाटलं जरा वारा... म्हणजे कमी-जास्त करून बघावं."

"बाबा, ते टेबलाखाली आहे. मागच्या बाजूला. तुम्ही वाकलात कसे?"

"वाकलो. कसा तरी वाकलो." बाबांनी काठी हातात घेतली, विनाकारण. "म्हाताऱ्या माणसाच्या हातून चूक होते. आता काय फाशी देतेस? बाळाला काही बोलू नकोस. तो बिचारा रात्रभर जागून आलाय."

खोलीत चौघं होती आणि चौघांनाही माहीत होतं. तरी ते वाक्य हवेत राहिलं आणि कुणी खाली पाडलं नाही. धाकट्यानं मान वर केली नाही. फक्त त्याचे खांदे सैल झाले, आणि ते ताईला दिसलं. त्या खांद्यांवर तिनं दप्तर चढवलं होतं.

आपल्यासाठी या घरात असं कुणी खोटं बोललं असतं का, हा प्रश्न तिला पडला. उत्तर लगेच आलं.

"बरं," ती म्हणाली. "तुम्ही फिरवलं."

मालकाला तिनं फोनवर सांगितलं, मशीन जळलं, काम गेलं. का जळलं ते सांगितलं नाही. मालक वाईट माणूस नव्हता, पण शाळेची तारीख ठरलेली होती. वाचनालयाचं काम त्यानं दुसऱ्याकडे दिलं. वर म्हणाला, "घरी हे असंच व्हायचं. तुम्ही कारखान्यात येऊन का बसत नाही? आमचं मशीन आहे, टेबल आहे. करवतीचा आवाज चालत असेल तर या."

"आवाजाचं काही नाही," ताई म्हणाली.

कारखान्याच्या मागच्या गल्लीत फर्निचरला पॉलिश करणाऱ्या एका बाईनं आपली एक खोली भाड्यानं दिली. ताईचं सामान एका टेम्पोच्या कोपऱ्यात मावलं. भावजय ऐन वेळी धावपळ करून डबा करून देत होती, डोळेही पुसत होती. त्यातलं काही खरंही असेल. धाकट्यानं खाट उचलायला हात लावला. बाबा म्हणाले, "राग धरून जाऊ नकोस."

"तुमच्यावर कसला राग?" ती म्हणाली, आणि चपला घातल्या.

पार्टिशन पुढच्याच रविवारी काढलं. हे तिला शेजारणीकडून कळलं.

कारखान्यात करवती दिवसभर किंचाळत. भुसा केसांत, चहात, कीबोर्डच्या बटनांखाली. जेवायच्या सुट्टीत यंत्रं थांबली की सुतार एकमेकांच्या बायकांवरून, पगारावरून, मालकाच्या टकलावरून बोलत. ताई तेव्हा डबा घेऊन बाहेर फाटकापाशी जाऊन बसायची. सुतारांना वाटलं, बाई जरा शिष्ट आहे.

काही महिन्यांनी धाकटा कारखान्यात आला. हातात पिशवी, पिशवीत भावजयीनं दिलेले लाडू. ताईनं त्याला स्टुलावर बसवलं. तो इकडेतिकडे बघत राहिला. थोडा वाळला होता.

"झोप लागते का आता?" तिनं विचारलं.

"कसली लागते. शिकवणीची पोरं कलकलाट करतात दुपारभर." तो हसायला गेला, पण ती हसली नाही म्हणून थांबला. "त्यासाठीच आलो होतो. मुलं जमिनीवर बसतात, पाठी दुखतात म्हणे. ही म्हणाली, ताईंना सांगा, कोपऱ्यात बसतील असे बाक करून हवेत. तू चित्र काढून दे. सुतार मी बघतो कुठला तरी. माप काढायला कधी येशील?"

"माप कशाला? त्या कोपऱ्याचं माप मला माहीत आहे."

ती पडद्याकडे वळली. खिडकी कुठं, बोर्ड कुठं, भिंत कुठं थोडी फुगलेली आहे आणि बाक तिथं किती आत घ्यावा लागेल, हे सगळं तिनं न थांबता काढलं. धाकटा मागे उभा राहून बघत होता. मधल्या सुट्टीची घंटा झाली आणि करवती एकेक करून बंद पडत गेल्या.

"ताई," तो हळूच म्हणाला. "ते बटन..."

तिनं मागे वळून बघितलं नाही. प्रिंटर कुरकुरत कागद बाहेर ढकलत होता.

"ताई, मला गं नुसती झोप... बाबा त्या दिवशी उगाच..."

"बाबांनी फिरवलं," ताई म्हणाली. "त्यांनी सांगितलं ना सगळ्यांसमोर? मग झालं."

"नाही, पण ऐक तरी..."

"बाबा खोटं बोलले म्हणतोस?"

धाकट्याचे डोळे भरून आले होते. तो बोलण्यासाठी इतक्या लांब आला होता, बाक हे निमित्त होतं, हे ताईला दिसत होतं. तिच्याकडे ते जुनं तयार वाक्य अजूनही होतं. एवढंच म्हणायचं होतं, जाऊ दे, होतं असं. ते तिच्या जिभेपर्यंत आलं आणि तिनं ते गिळलं, आणि गिळताना तिला जे समाधान वाटलं त्याची तिला स्वतःलाच शिसारी आली. तरीही तिनं ते गिळलं.

तिनं कागद उचलला, भुसा झटकला, गुंडाळी करून त्याला रबर लावलं आणि त्याच्या हातात दिला.

"सुताराला सांग, कडा गोल करायला. पोरांना लागतं," ती म्हणाली. "आणि बाबांना म्हणावं, मी बरी आहे."

तो गुंडाळी काखेत धरून, रचलेल्या फळ्यांमधून वाट काढत फाटकाकडे निघाला. एका सुतारानं विचारलं, "कोण होतं हो, ताई?"

"गिऱ्हाईक," ताई म्हणाली.